रीफ टँक सुरू करताय? मासे आणण्याआधी कोणती टेस्ट किट्स घ्यावीत?

टँक भरून चार दिवस झालेत. पाणी काचेसारखं नितळ आहे, दिवे लागलेत, घरातली मुलं ‘निमो कधी आणायचा?’ म्हणून मागे लागलीत. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक नवशिक्यांचे पहिले मासे मरतात. कारण पाणी नितळ असणं वेगळं आणि राहण्यालायक असणं वेगळं. अमोनियाचा रंग दिसत नाही आणि थोड्या प्रमाणात असेल तर वासही येत नाही. तो आहे की नाही, हे फक्त किट सांगतं.

पण दुकानात गेलात की दहा-बारा प्रकारची किट्स समोर येतात. सगळी एकदम घ्यायची गरज नसते. टँकच्या वयानुसार घ्या.

सगळ्यात आधी: खारटपणा मोजायचं साधन

समुद्राच्या पाण्यात दर किलोला साधारण ३५ ग्रॅम मीठ विरघळलेलं असतं. विशिष्ट गुरुत्वाच्या भाषेत हा आकडा सुमारे १.०२५ ते १.०२६. हे मोजायला दोन स्वस्त साधनं मिळतात. काटा वरखाली होणारं प्लॅस्टिकचं हायड्रोमीटर आणि डोळ्याला लावून बघायचं रिफ्रॅक्टोमीटर. हायड्रोमीटरच्या काट्याला हवेचा एखादा बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. म्हणून थोडे पैसे जास्त गेले तरी रिफ्रॅक्टोमीटरच घ्या.

त्यासोबत ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण घ्यायला विसरू नका. बरेच जण रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावतात. पण शून्याला बरोबर दाखवणारं यंत्र ३५ ला बरोबर दाखवेलच असं नाही.

मिसळायचं पाणी आरओ-डीआय फिल्टरचं असेल तर छोटा टीडीएस मीटरही हवा. फिल्टरमधून निघालेल्या पाण्याचं रीडिंग ० यायला हवं. हा मीटर फक्त मीठ घालण्याआधीच्या पाण्यासाठी, खाऱ्या पाण्यात त्याचा उपयोग नाही.

पहिले सहा आठवडे: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, कुजणारं काहीही यातून अमोनिया तयार होतो. दगडांवर आणि वाळूत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंची वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यालाच ‘टँक सायकल होणं’ म्हणतात.

गोड्या पाण्यात मासे पाळलेल्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसा अपाय न करणारं आणि एक विषारी. पीएच वाढला की विषारी रूपाचा वाटा वाढतो. पीएच ७ च्या तुलनेत ८.२ ला हा वाटा दहा पटींहून जास्त असतो. रीफ टँकचा पीएच ८.२ च्या आसपासच असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात निभावून गेलेला अमोनिया इथे जीव घेऊ शकतो.

या टप्प्यासाठी एपीआयचं सॉल्टवॉटर मास्टर किट पुरेसं आहे. त्यात वरच्या पट्ट्यातला पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा चार चाचण्या येतात. घरात गोड्या पाण्याचं जुनं किट असेल तर आधी तपासा. त्यातला पीएचचा पट्टा ७.६ लाच संपत असेल तर तो इथे निरुपयोगी. अमोनियाचं रंगपत्रकही खाऱ्या पाण्याचं वेगळं असतं.

टँक सायकल करण्यासाठी जिवंत मासा सोडू नका. चिमूटभर खाणं किंवा अमोनियम क्लोराइड वापरा. दर दोन दिवसांनी मोजा. घातलेला १-२ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य झालं, की पहिला मासा आणायला हरकत नाही. त्याआधी नायट्रेटच्या आकड्यावर फार विसंबू नका, कारण पाण्यात नायट्राइट असताना बरीचशी नायट्रेट किट्स फुगवून आकडा दाखवतात.

प्रवाळ येण्याआधी: अल्कलिनिटी

एकच जादा किट परवडत असेल तर हे घ्या. मराठीत सॅलिनिटी आणि अल्कलिनिटी या दोन्हींना सर्रास ‘क्षारता’ म्हटलं जातं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सॅलिनिटी म्हणजे पाण्यात एकूण मीठ किती. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातली मुख्यतः बायकार्बोनेटची शिल्लक. दगडी प्रवाळ आपला सांगाडा बांधायला ती वापरतात आणि पीएच स्थिर ठेवायलाही तीच कामी येते. समुद्रात ती सुमारे ७ डीकेएच असते. घरच्या टँकमध्ये ७ ते ९ मधला एखादा आकडा धरा आणि तिथेच टिकवा. दिवसाला १ डीकेएचहून जास्त चढउतार होऊ देऊ नका.

थेंब मोजायच्या साध्या किटमध्ये एक थेंब म्हणजे १ डीकेएच, त्यामुळे अंदाज ढोबळ येतो. पाण्याचा नमुना दुप्पट घेतला तर तोच थेंब अर्ध्या डीकेएचचा होतो. सॅलिफर्टच्या किटमध्ये सिरिंज असल्याने आणखी बारकाईने मोजता येतं. हाना कंपनीचा डिजिटल चेकर थेट आकडा दाखवतो. रंग ओळखताना गोंधळ होत असेल तर चेकरचे पैसे वसूल होतात.

नंतर लागणारी किट्स

- कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम.
- मॅग्नेशियम: १२५० ते १३५० पीपीएम.
- नायट्रेट: २ ते १० पीपीएम.
- फॉस्फेट: ०.०३ ते ०.१ पीपीएम.

झोॲन्थिड, मश्रूम, लेदर अशी मऊ प्रवाळंच ठेवणार असाल तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची किट्स लगेच नकोत. नियमित पाणी बदलल्याने काम भागतं.

फॉस्फेटच्या बाबतीत मात्र स्वस्त किट घेऊन पैसे वाया घालवू नका. अनेक रंगपत्रकांवर शून्यानंतरची पहिलीच पायरी ०.२५ असते, म्हणजे आपल्याला हवा असलेला सगळा पट्टा दोन रंगांच्या मधे हरवतो. इथे हानाचा अल्ट्रा लो रेंज चेकर उपयोगी पडतो. एक मॉडेल फॉस्फेट न दाखवता फॉस्फरस दाखवतं. त्याचा पीपीबीतला आकडा ३.०६६ ने गुणून १००० ने भागला की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. आणि आकडा शून्यावर आणायच्या मागे लागू नका. पोषण पूर्ण संपलं की प्रवाळ फिकट पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाचा चिकट, तपकिरी थर माजू शकतो.

कुठे चुकतं?

- बाटली न हलवणं: एपीआयच्या नायट्रेट किटची दुसरी बाटली ३० सेकंद जोरात हलवावीच लागते. नाहीतर नायट्रेट असूनही शून्य दिसतं.
- मुदत न पाहणं: बॉक्सवरची तारीख बघूनच पैसे द्या. कोकण-मुंबईच्या दमट हवेत पावडरची बाटली उघडी राहिली तर ती गुठळ्या होऊन बिघडते. किट कोरड्या, सावलीच्या जागी ठेवा.
- पीएचच्या मागे धावणं: पीएच पहाटे कमी आणि संध्याकाळी जास्त असतो. रोज एकाच वेळी मोजा. बंद एसी खोलीत साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळेही तो उतरतो. बाटलीतलं रसायन ओतण्याआधी खिडकी उघडून बघा.
- एका आकड्यावर औषध ओतणं: विचित्र रीडिंग आलं तर चाचणी पुन्हा करा. तरी शंका असेल तर नुकतंच मिसळलेलं मिठाचं पाणी त्याच किटने तपासा. मिठाच्या बादलीवर छापलेल्या आकड्याशी ते जुळलं नाही तर दोष किटचा असण्याची शक्यता जास्त.

पाण्यात बुडवायच्या पट्ट्या स्वस्त असतात, पण रीफ टँकला लागणारी अचूकता त्यांच्यात नसते.

एक गोष्ट कायद्याची

मालवणच्या समुद्रातून किंवा कुठल्याही किनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणू नका. भारतातली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघालाही त्याच अनुसूचीचं संरक्षण आहे.

थोडक्यात

आज खरेदीला निघाला असाल तर यादी एवढीच: रिफ्रॅक्टोमीटर, त्याचं कॅलिब्रेशन द्रावण, टीडीएस मीटर आणि अमोनिया-नायट्राइट-नायट्रेटचं किट. प्रवाळ आणण्याआधी अल्कलिनिटीचं किट. बाकीची किट्स टँकमध्ये प्रवाळ वाढू लागल्यावर. शिवाय एक वही ठेवा आणि तारीख घालून प्रत्येक रीडिंग लिहा. एकट्या आकड्यातून फार कळत नाही. तो वाढतोय की उतरतोय हे वहीतच दिसतं, आणि मासा पृष्ठभागावर येऊन धापा टाकायला लागण्याच्या बरंच आधी दिसतं.