लफ्फेदार अक्षराचा सांधा

इंग्रजी लग्नपत्रिकेवर किंवा प्रमाणपत्रावर नावासाठी जे उजवीकडे कललेले, एकमेकांत गुंफलेले लफ्फेदार अक्षर हटकून निवडले जाते, त्याचा जन्म शोभेसाठी झालेला नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या व्यापारी पेढ्यांतील हिशेबाच्या वह्या, हुंड्या आणि पत्रव्यवहार यांच्या निकडीतून ते घडले. राऊंडहँड, म्हणजे गोलाईचे वळण, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लेखनात शब्द संपेपर्यंत हात शक्यतो उचलायचा नाही, हा मूळ दंडक होता, आणि मोडीचा परिचय असलेल्या वाचकाला तो नवा वाटू नये. फरक इतकाच की मोडीची अक्षरे आधी ओढून घेतलेल्या रेषेला लटकतात, तर राऊंडहँडची अक्षरे पायाशी एकमेकांना हात देतात. बोरूच्या रुंद, तिरप्या टोकातून उमटणारा जाडबारीकपणा टोकाच्या कोनावर ठरतो. येथे मात्र पिसाच्या अणकुचीदार लेखणीवर खाली येताना दाब दिला की चिरलेले टोक फाकून रेघ जाड होते आणि वर जाताना दाब सोडला की ती केसासारखी बारीक होते.

हे वळण शिकवणारे गुरू कित्ते काढीत आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापले जात. चार्ल्स स्नेल याचे कित्त्यांचे पुस्तक 1694 मध्ये निघाले, तर जॉर्ज बिकहॅम याने 25 लेखनगुरूंचे नमुने 212 पत्र्यांवर कोरून 1733 ते 1741 या काळात ‘द युनिव्हर्सल पेनमन’ हा ग्रंथ हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध केला. अक्षर उलटे कोरताना कोरणीने साधणारी बारीक रेघ पिसाला क्वचितच साधत असे, तरीही विद्यार्थी तीच गिरवीत राहिले. म्हणजे कोरणीने लेखणीची नक्कल करावी, हा क्रम उलटून लेखणीच कोरणीच्या मागे धावू लागली. या वळणाला ‘कॉपरप्लेट’, म्हणजे तांब्याचा पत्रा, हे नाव चिकटले ते उगाच नव्हे.

खिळ्यांच्या छपाईत मात्र हे अक्षर अडले. शिशाचा खिळा चौकोनी आणि सरळ, अक्षर तिरपे. त्यामुळे खिळ्याबाहेर डोकावणारे टोक तुटे, नाहीतर दोन अक्षरांमधील सांध्यात फट दिसे. पॅरिसच्या फिर्मां दिदो याने 1806 च्या सुमारास खिळ्याचे अंगच तिरपे ओतून आणि जोडरेषांचे स्वतंत्र तुकडे करून यावर तोड काढली. ती देखणी असली तरी जुळाऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षा पाहणारी होती. खरी सुटका झाली ती फिल्मवरून अक्षरजुळणी करण्याच्या, म्हणजे फोटोटाइपसेटिंगच्या, काळात. तेथे शिशाचे अंगच उरले नव्हते, आणि मॅथ्यू कार्टर याने 1966 मध्ये स्नेलच्या वळणावरून ‘स्नेल राऊंडहँड’ हा टंक त्याच तंत्रासाठी रेखाटला. पुढे संगणकीय टंकांत शेजारचे अक्षर पाहून रूप बदलणारी पर्यायी अक्षरे आली.

दरम्यान टंकलेखन यंत्राने कचेरीतून हुसकावल्यामुळे हे अक्षर समारंभापुरते उरले होते. त्यातील मोठ्या अक्षरांचे लफ्फे शब्दाच्या आरंभी एकेकट्याने मिरवण्यासाठी काढलेले आहेत, आणि पायाशी जोड आहे तो केवळ लहान अक्षरांना. म्हणूनच पत्रिकेवर संपूर्ण नाव या टंकाच्या मोठ्या अक्षरांत जुळवले की लफ्फ्यांत लफ्फा अडकतो आणि नाव वाचता येत नाही.