खिडकीतलं ऊन: सुरकुत्या देतं, व्हिटॅमिन डी देत नाही

सकाळी खिडकीपाशी बसून "हाडांसाठी ऊन घेतेय" म्हणणाऱ्या अम्मी, खाला आपल्या घरोघरी दिसतात. पण काच बंद असेल तर हाडांना जवळजवळ काहीच मिळत नाही. त्वचेचं नुकसान मात्र चालूच राहतं.

उन्हातले अतिनील किरण मुख्यतः दोन प्रकारचे. यूव्हीबी किरणांनी त्वचा भाजते, पण व्हिटॅमिन डीसुद्धा त्यांच्यामुळेच तयार होतं. साधी काच त्यांना अडवते. यूव्हीए किरण मात्र काचेतून बरेचसे आत येतात आणि त्वचेच्या खालच्या थरापर्यंत पोहोचतात. तिथलं कोलॅजन हे प्रथिन त्वचेला घट्ट धरून ठेवतं. ते तुटत गेलं की त्वचा सैल पडते, सुरकुत्या येतात. जळजळ होत नाही, म्हणून कळतही नाही.

२०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. त्याने २८ वर्षं डिलिव्हरी ट्रक चालवला होता. चेहऱ्याची डावी, म्हणजे खिडकीकडची बाजू जाड आणि खोल सुरकुत्यांनी भरलेली. उजवी कितीतरी तरुण. माणूस एकच, वय एकच! आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असतं. टेम्पो-टॅक्सी चालवणाऱ्या भावांनी आरशात उजवा गाल जरूर पाहावा.

"आपण सावळे, आपल्याला काय होतंय?" असं आम्ही नेहमी ऐकतो. मेलॅनिन थोडंफार वाचवतं, हे खरं. पण आपल्याकडे सुरकुत्यांच्या आधी वांग आणि काळे डाग येतात. हाताचा पंजा आणि दंडाची आतली बाजू शेजारी धरून बघा, फरक कळेल.

सनस्क्रीन हा केवळ नट्यांचा शौक नाही. ऑस्ट्रेलियात ९०३ जणांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज लावणाऱ्यांची त्वचा २४ टक्के कमी वृद्ध झाली. घेताना एसपीएफ ३० तर बघाच, पण 'पीए'पुढची अधिक चिन्हंही मोजा. यूव्हीएचा हिशेब तिथे असतो. जोहरच्या वुजूत ते बरंचसं धुऊन जातं, त्यामुळे बाहेर पडायचं असेल तर पुन्हा लावावं लागतं.

बुरख्याने त्वचा वाचते, पण व्हिटॅमिन डी कमी पडू शकतं. पडदा असलेल्या गच्चीवर किंवा अंगणात हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसावं. हाडं सतत दुखत असतील तर डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावं.