दहागुंठा शेती

पाच माणसांच्या कुटुंबाची अन्नाची गरज १० गुंठ्यांत (सु. १,००० चौ. मी.) भागावी, अशी मांडणी असलेली अल्पऊर्जा शेतीपद्धती. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनी ‘प्रयोग परिवार’ या प्रयोगशील शेतकऱ्यांच्या गटातून ती रुजवली. मूळचे गणिताचे अध्यापक असल्याने ते उत्पन्नाचा हिशेब खताच्या पोत्यांऐवजी पानांवर पडणाऱ्या उन्हावरून करत. पालापाचोळा, शेण, गोमूत्र व गूळ यांपासून जागेवरच सुपीक माती तयार करायची, ही मुख्य क्रिया. युरिया बनवायला नैसर्गिक वायू लागतो, माल बाजारात न्यायला डिझेल. दोन्ही खर्च येथे घटतात. परिवाराचे गाजलेले यश मात्र द्राक्षबागांचे, म्हणजे घरच्या ताटापेक्षा बाजारासाठी पिकणाऱ्या पिकाचे.

वाघोलीसारख्या ठिकाणी या पद्धतीची कसोटी लागते. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावरील, दगडखाणींसाठी ओळखले जाणारे हे हवेली तालुक्यातील गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आले. गुंठ्याचा भाव आता पीक नव्हे, प्लॉट ठरवतो. गच्चीवर पालेभाजी पिकते, वर्षाचे धान्य नाही. शिवाय टँकरच्या पाण्यावर वाढवलेल्या मेथीला अल्पऊर्जा म्हणणे कठीण. सोसायट्यांतील ओल्या कचऱ्याचे खत आवारातच वापरले, तर निदान त्याची वाहतूक वाचते.