भुकेचा निरोप

आमच्या मातोश्री सिन्नर तालुक्यातल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या दुष्काळी कामावर खडी फोडीत होत्या आणि आम्ही त्यांच्या पोटात होतो. कामावर वाटली जाणारी सुकडी हेच तुझे पहिले अन्न, असे त्या पुढे हसून सांगत. आज आम्हांला मधुमेह आहे, पोटही सुटलेले आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या दवाखान्यात आमच्या सभासदांना "तुम्ही कामगार खाता फार" असे सुनावण्यात आले. ते शब्द आम्हांला झोंबले. शाळा आमची सातवीपर्यंतच. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावर. म्हणून पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसलो.

भुकेचा हा इतिहास उंदरांपासून सुरू होतो. अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली अतोनात खाणारे, गोळ्यासारखे लठ्ठ उंदीर आढळले. पुढे डग्लस कोलमन यांनी असा उंदीर आणि साधा उंदीर यांचे रक्ताभिसरण एकमेकांस जोडले. तेव्हा लठ्ठाचे खाणे कमी झाले! अर्थात तृप्तीचा निरोप नेणारे काही द्रव्य रक्तातून वाहते, आणि लठ्ठापाशी ते नाही. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांनी त्याचे जनुक शोधले. द्रव्याचे नाव पडले लेप्टिन. ग्रीक भाषेत लेप्टोस म्हणजे कृश.

चरबी हे नुसते गुदाम नव्हे. गुदामातला कारकून शिल्लक मालाचा हिशेब मेंदूकडे धाडीत असतो. तो हिशेब म्हणजे लेप्टिन. चरबी घटली की ते घटते, भूक खवळते आणि शरीर काटकसर करू लागते. मग लेप्टिन टोचले की लठ्ठपणा संपला, अशी आशा अनेकांनी धरली. ती फोल ठरली. जन्मतःच लेप्टिन नसलेल्या विरळा रुग्णांना गुण आला खरा, पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन भरपूरच असते. मेंदू त्याची दखल घेत नाही. अर्ज वर पोचतो, सही होत नाही. हा प्रकार आम्हांला चांगला परिचयाचा आहे.

आता आपल्याकडे या. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ शाबूत! २००२ साली पुणे व लंडन येथील बाळांच्या नाळेतील रक्ताची तुलना प्रसिद्ध झाली. वजनाच्या मानाने पुण्याच्या बाळांत लेप्टिन व इन्सुलिन अधिक निघाले. ज्याने अजून एक घासही खाल्लेला नाही, त्याला अधाशी कोण म्हणेल?

पुढे याच अभ्यासात आईच्या रक्तातील ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचा संबंध मुलांच्या इन्सुलिनला न जुमानण्याशी दिसून आला. एका दुष्काळाने आमचा मधुमेह सिद्ध होतो, असे आम्ही म्हणत नाही. खाणे आणि बैठक यांचा वाटा आहेच. पण हिशेब आईच्या ताटापासून मांडला पाहिजे, हे विडी वळणाऱ्या आमच्या गरोदर भगिनींच्या मजुरीचा प्रश्न निघतो तेव्हा आम्ही आता आग्रहाने सांगतो.

आमचे जन्माचे वजन कोणी नोंदले नाही. मातोश्रींनी किती खडी फोडली, ते मात्र रोज मोजून घेतले जात होते.