अपूर्णांकाचें राजकारण

लोकसंख्येच्या प्रमाणांत प्रतिनिधि द्यावे, हें तत्त्व बोलावयास जितकें सोपें तितकेंच आचरावयास बिकट आहे. भागाकार केला कीं अपूर्णांक उरतो, आणि प्रतिनिधि तर अर्धा-पाव धाडतां येत नाहीं. हा उरलेला तुकडा कोणाच्या पदरांत टाकावा, एवढाच प्रश्न. वाचकांस तो शाळकरी हिशेबाचा वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्यानें दीडशें वर्षें मुत्सद्द्यांची झोंप उडविली.

सन १७९० च्या शिरगणतीनंतर तेथील प्रतिनिधिगृहाच्या जागा पंधरा संस्थानांत वांटावयाच्या होत्या. अलेक्झांडर हॅमिल्टन यांची रीत अशी कीं, प्रत्येकाच्या हिश्शांतील पूर्णांक आधीं देऊन टाकावे, आणि शिल्लक जागा ज्यांचे अपूर्णांक सर्वांत मोठे त्यांस द्याव्या. टॉमस जेफर्सन यांच्या मतें सर्वांस एकच भाजक लावावा आणि अपूर्णांक सरसकट सोडून द्यावे. काँग्रेसनें पहिल्या धर्तीचें १२० जागांचें विधेयक संमत केलें. पण ५ एप्रिल १७९२ रोजीं अध्यक्ष वॉशिंग्टन यांनीं तें परत पाठविलें. अमेरिकन अध्यक्षानें नकाराधिकार वापरण्याचा तो पहिलाच प्रसंग. मग ३३,००० चा भाजक घेऊन जेफर्सनच्या रीतीनें १०५ जागा वांटण्यांत आल्या. व्हर्जिनियाचा हिस्सा १८.३१ असतां त्या संस्थानास १९ जागा मिळाल्या, डेलावेअरचा १.६१ असतां त्यास एकच. वॉशिंग्टन व जेफर्सन दोघेहि व्हर्जिनियाचे, हें येथें विसरतां येत नाहीं. शिवाय ज्या गुलामांस मताचा अधिकारच नव्हता, त्यांतील दर पांचांमागें तीन माणसें धरून व्हर्जिनियाची ती संख्या झाली होती.

अपूर्णांक टाकल्यानें एकोणीस जागांच्या धन्यास फारसें कांहीं जाणवत नाहीं. दीड जागेच्या धन्याचें मात्र घरच बसतें. १८३२ सालीं न्यूयॉर्कचा हिस्सा ३८.५९ असून त्यास ४० जागा मिळाल्या, तेव्हां डॅनियल वेब्स्टर यांनीं मध्यममार्ग सुचविला: अपूर्णांक अर्ध्याहून अधिक असल्यास पुढचा पूर्णांक द्यावा, कमी असल्यास सोडावा. १८४२ सालीं ही रीत स्वीकारली गेली. परंतु १८५० च्या कायद्यानें हॅमिल्टनची रीत पुन्हां आणली. तिचें वैगुण्य १८८० च्या शिरगणतीनंतर उघडकीस आलें. शिरगणतीच्या कचेरींतील एका अधिकाऱ्यानें कोष्टकें मांडलीं, तों असें दिसलें कीं, एकंदर जागा २९९ असतां अलाबामास ८ मिळतात, आणि ३०० झाल्या कीं ७! शेत वाढलें, आणि एका भावाचा वांटा घटला.

१९२० च्या शिरगणतीनंतर तर वांटणीच झाली नाहीं. शहरें फुगलीं होतीं, आणि ग्रामीण भागाच्या सभासदांस आपलें बळ सोडवेना. शेवटीं १९४१ सालीं हंटिंग्टन व हिल यांच्या नांवाची रीत कायम झाली. हींत सीमारेषा अर्ध्यावर नसून लगतच्या दोन पूर्णांकांच्या गुणाकाराच्या वर्गमुळावर असते, म्हणून लहान संस्थानांस ती किंचित् अनुकूल पडते. वेब्स्टरच्या रीतीनें मिशिगनकडे जाणारी एक जागा तिच्यामुळें आर्कान्साकडे गेली. आर्कान्सा हा डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला. आणि काँग्रेसमधील मतेंहि बहुतांशीं पक्षाप्रमाणेंच पडलीं. तीच रीत आजतागायत चालू आहे.

याहून निर्दोष रीत निघणार नाहीं काय? १९८२ सालीं बॅलिन्स्की व यंग या दोघांनीं आपल्या ग्रंथांत याचें उत्तर दिलें. प्रत्येकाचा वांटा त्याच्या हिश्शालगतच्या दोन पूर्णांकांबाहेर जाऊं नये, आणि वाढत्या लोकवस्तीच्या संस्थानाची जागा घटत्या संस्थानाकडे जाऊं नये, या दोन्ही अटी सदैव पाळणारी रीत असूंच शकत नाहीं, असें त्यांनीं सिद्ध केलें.

गणितानेंच हात टेकल्यावर शहाणपण एवढेंच उरतें: वांटणीचा नियम शिरगणतीच्या आधीं ठरवावा. आंकडे हातीं आल्यावर नियम शोधूं लागलें कीं, जो तो आपल्या अपूर्णांकासच न्याय म्हणूं लागतो.