झिजलेल्या भागाची नक्कल

जुन्या यंत्राचा एक भाग झिजला आहे. ड्रॉइंग हरवले, बनवणारी कंपनीही बंद पडली. आज पिंपरी-भोसरीत असा भाग लेसर स्कॅनरपुढे ठेवतात. पृष्ठभागावरचे लाखो बिंदू मोजले जातात आणि संगणकावर आकृती उभी राहते.

श्रोतेहो, युक्ती मात्र जुनी. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट १८१९ साली वारला, तेव्हा त्याच्या माळ्यावर पुतळ्यांच्या प्रती कोरणारी यंत्रे होती. बोथट सुई मूळ मूर्तीवरून फिरे आणि तिला जोडलेले हत्यार तसाच आकार कोरी. पुढे याच तत्त्वावर कॉपी मिलिंग यंत्रे डाय घडवू लागली.

सुमंत मुळगावकरांच्या काळात टेल्कोचा पुण्याचा कारखाना १९६६ साली उभा राहिला, पण तिथले पहिले व्यावसायिक वाहन निघाले १९७७ साली! मधली वर्षे यंत्रे, हत्यारे आणि ती चालवणारे हात घडवण्यात गेली. ती वाया गेली असे मला वाटत नाही. कारण स्कॅनर झीजही इमानाने टिपतो. तशीच नक्कल केली, तर नवा भाग जन्मतःच म्हातारा! मूळ माप काय असेल, हे टूलरूमचा कारागीर जोडीचा भाग हातात घेऊन, कुठे घासले आहे ते पाहून ठरवतो. शिवाय बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून ओतकामाचा पॅटर्न तेवढा मोठा करतात.