लाईट गेली तेव्हा नाही, आली तेव्हा

शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण बांधायला घेतलं ते शेतीच्या पाण्यासाठी. पुढं त्याच पाण्यावर वीजही निघाली. पण आमच्या आज्यांच्या काळात घरातली लाईट म्हणजे एक पिवळा बल्ब. होल्टेज वाढलं तर तो उडायचा, नुकसान तेवढंच. मग टीव्ही आला, त्याच्या शेजारी स्टॅबिलायझरचा जड डबा आला, त्यावर क्रोशाचा रुमाल आला. भारनियमनाच्या वर्षांत लाईट जायची वेळ आम्हाला तोंडपाठ होती, मिक्सर त्याआधीच फिरवून घ्यायचो. येणाऱ्या लाईटची भीती मात्र कधी वाटली नाही.

२०१९ च्या ऑगस्टात वाटली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. उपकेंद्रांत पाणी शिरलं, शिरोळ-करवीरची कितीतरी गावं अंधारात गेली. गाव सोडताना आम्ही बचत गटाची पिठाची गिरणी चौघींनी मिळून माळ्यावर चढवली. परतलो तर ती कोरडी ठणठणीत! चिखल काढला, गिरणी खाली घेऊन जोडली. संध्याकाळी लाईट आली आणि तिची मोटर जळाली. गल्लीतले दोन टीव्हीही गेले.

वायरमनने कारण सांगितलं. आपल्या घरात एक फेज आणि एक न्यूट्रल मिळून २३० व्होल्ट येतात. पुरात खांब कलतात, न्यूट्रल तुटते, आणि घरं दोन फेजांच्या मध्ये सापडतात. मग कुठं होल्टेज ४०० च्या जवळ जातं, कुठं निम्म्यावर येतं. एका घरात बल्ब मिणमिणतो, शेजारी डोळे दिपतात. असं दिसलं की आधी मेन पाडायचा. पण ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून नाही. तशा वेळी वायरमनलाच बोलवायचं. ‘फ्यूज होता की!’ असं आम्ही म्हणालो. फ्यूज जादा करंटनं वितळतो, जादा होल्टेज त्याला कळत नाही.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या वर गेलं. या खेपेला निघतानाच सगळे प्लग काढले, मेन बंद केला. परतल्यावर वायरिंग वाळू दिलं, अर्थिंग तपासून घेतलं. लाईट आल्यावर आधी एकच बल्ब लावून दहा मिनिटं नुसतं बघत बसलो. घरातले पुरुष हसले, हसू देत. फ्रिज सगळ्यात शेवटी लावला.

जळालेल्या गिरणीचे हप्ते तेव्हाही चालूच होते.